कोअर फाइल, व्हॅलग्राइंड की अ‍ॅसॅन? मेमरी बिघडून वेब सर्व्हर पडतो तेव्हा काय निवडावं

समजा, रावेर-सावद्याचे केळीचे भाव दाखवणारी साइट आहे. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि त्यात तुमच्याच कुणी सीमध्ये लिहिलेलं मॉड्यूल. भाव निघायच्या वेळेला गर्दी उसळते आणि एरर लॉगमध्ये ओळ पडते, की अमुक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) सिग्नल ११ ने, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने, संपला. मास्टर, म्हणजे वर्करांवर लक्ष ठेवणारी मुख्य प्रोसेस, लगेच दुसरा वर्कर उभा करतो, त्यामुळे साइट वरवर चालूच दिसते. पण त्या वर्करवर जोडलेले सगळे एकदम तुटतात आणि यावलहून फोन येतो, ‘भाऊ, भाव दिखी नही राह्यना!’ कधी ११ ऐवजी सिग्नल ६ असतो. तेव्हा बहुधा हीपचा (प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या मेमरीचा) हिशोब जुळत नाही हे जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्याच लक्षात आलेलं असतं आणि तिनेच प्रोसेस बंद पाडलेली असते.

दोन्हींत त्रास एकच: जिथे पडतो तिथे चूक असेलच असं नाही. पांझरेकाठी फडात पाणी शिरलं म्हणजे पाट तिथेच फुटला असं कुणी शेतकरी धरत नाही, तो वर बंधाऱ्याकडे चालत जातो. तेव्हा कोणतं साधन आपल्याला किती वर नेतं आणि त्याचे पैसे कशात मोजावे लागतात, एवढंच बघायचं.

त्याआधी आवृत्ती तपासा. एन्जिनएक्सच्या रिझॉल्व्हरमध्ये, म्हणजे डोमेन नावांचे पत्ते शोधणाऱ्या भागात, एकच बाइट हद्दीबाहेर लिहिणारी चूक होती (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२१-२३०१७). ती १.२०.१ आणि १.२१.० मध्ये दुरुस्त झाली. जुनं पॅकेज तसंच ठेवून आठवडाभर डिबगर घेऊन बसण्यात अर्थ नाही.

कोअर फाइल म्हणजे प्रोसेस पडते त्या क्षणीच्या तिच्या मेमरीची प्रत. तिचा मोठा गुण म्हणजे चालू सर्व्हरवर तिचा भार जवळजवळ शून्य. कॉन्फिगमध्ये कोअरची मर्यादा वाढवायची, वर्करच्या युजरला लिहिता येईल अशी डिरेक्टरी द्यायची, बायनरीतली डिबग चिन्हं काढून टाकायची नाहीत, आणि वाट बघायची. एका कोअरवर मात्र निकाल देऊ नका, दोन-तीन जमू द्या. प्रत्येक वेळी जीडीबी या डिबगरमध्ये बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचलो ती साखळी) तोच आला तर बहुधा साधा नल, म्हणजे रिकामा, पॉइंटर आहे, तिथेच दुरुस्त करा आणि पुढचं वाचायचीही गरज नाही. दर वेळी वेगळं ठिकाण, कधी एसएसएलमध्ये तर कधी थेट मॅलॉकच्या (मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनच्या) पोटात, तर मेमरी बिघडली आहे असं धरा.

बिघडलेल्या जागी काय लिहिलं गेलंय तेही बघा. आपल्याकडे हे फार उपयोगी पडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘भुसावळ’मध्ये काना-उकार धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. लिहिणाऱ्याने इंग्रजी नावांच्या हिशोबाने १६ बाइटचा बफर ठेवला असेल तर ते शेजारच्या जागेत सांडणारच. हेक्समध्ये दर तिसऱ्या बाइटला ई० आणि त्यामागे ए४ किंवा ए५ दिसलं, की समजावं, पॉइंटरच्या जागेवर कुठल्या तरी गावाचं नाव बसलंय. मग संशयित फार उरत नाहीत. (कोअरमध्ये टीएलएसची खासगी किल्ली आणि लोकांचे पासवर्डही असू शकतात. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवू नका.)

एवढ्याने भागलं नाही, तर खरा प्रश्न व्हॅलग्राइंड की अ‍ॅड्रेससॅनिटायझर, म्हणजे अ‍ॅसॅन. दोन्ही साधनं चुकीचा हात लागतो त्याच क्षणी पकडायला बघतात, आणि ती जागा कुठे घेतली होती, कुठे सोडली होती हेही सांगतात.

व्हॅलग्राइंडला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. पण प्रोग्राम दहा ते पन्नास पट मंदावतो. इतक्या मंद चालीत गर्दीच होत नाही, टाइमआउट आधी होतात, आणि नेमका तो क्रॅश गायब होतो. थ्रेडही ते एका वेळी एकच चालवतं. एन्जिनएक्सला त्याचं फारसं काही नाही, पण थ्रेडवर चालणाऱ्या अपाचेला जाचतं.

अ‍ॅसॅन जीसीसी आणि क्लँग दोन्हींत आहे, पण सगळं पुन्हा बांधावं लागतं. नुसतं मॉड्यूल नव्हे, एन्जिनएक्सही कंपाइलरच्या त्याच फ्लॅगने, नाहीतर त्याची सोबतची लायब्ररी (रनटाइम) आधी लोड झाला नाही म्हणून कुरकुर सुरू होते. वेगाचा फटका साधारण दुप्पट. त्याच्या कर्त्यांनी २०१२ च्या निबंधात सरासरी ७३ टक्के मंदी आणि ३.४ पट मेमरी नोंदवली होती. त्यामुळे खऱ्यासारखी गर्दी त्याच्यावर सोडता येते. अडचण मेमरीची. सोडलेल्या जागा अडवून ठेवायला ते प्रत्येक प्रोसेसमागे २५६ एमबीपर्यंत घेतं. १ जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी मशीनवर) चार वर्कर असले तर मशीनच बसेल. तिथे वर्कर एक ठेवा किंवा तो आकडा कमी करा. टॉप या कमांडमध्ये व्हर्च्युअल मेमरी टेराबाइटमध्ये दिसते, ती नुसती राखीव असते, घाबरू नका.

माझं मत अ‍ॅसॅनच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण वेगापेक्षा वेगळं आहे. स्टॅकवरची (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेतली) आणि ग्लोबल अ‍ॅरेची हद्द ओलांडली तर व्हॅलग्राइंडचं मेमचेक, म्हणजे त्यातलं मेमरी तपासणारं साधन, सहसा गप्प बसतं, अ‍ॅसॅन बोलतं. एन्जिनएक्समधली २०१३ ची गाजलेली चूक (सीव्हीई-२०१३-२०२८) स्टॅकवरचीच होती. उलट, आधी काहीच न लिहिता वाचलेली मेमरी अ‍ॅसॅनला दिसत नाही, मेमचेकला दिसते. आणि कुणी विक्रेत्याने सोर्स न देता नुसती लायब्ररी दिली असेल, तर व्हॅलग्राइंडशिवाय इलाज नाही.

आता ज्यात बहुतेकांचे दिवस जातात ते. एन्जिनएक्स प्रत्येक विनंतीसाठी पूल, म्हणजे मेमरीचा एक मोठा तुकडा, घेतं, मुळात ४ केबीचा, आणि छोट्या जागा त्यातूनच कापून देतं. तुमची स्ट्रिंग शेजारच्या स्ट्रिंगवर सांडली तरी सगळं एकाच ब्लॉकच्या आत घडतं. मॅलॉकला पत्ता नाही, म्हणून व्हॅलग्राइंडलाही नाही आणि अ‍ॅसॅनलाही नाही. अहवाल कोरा येतो, लोक म्हणतात ‘कोड ठीक आहे’, आणि दुसऱ्या दिवशी परत सिग्नल ११. पूल बंद करूनच तपासा. ओपनरेस्टी या एन्जिनएक्सवर बांधलेल्या प्रकल्पाचा नो-पूल पॅच नेमका यासाठी आहे, त्याने प्रत्येक जागा स्वतंत्र मॅलॉक होते. अपाचेत एपीआर ही त्याची आधार-लायब्ररी पूल-डिबगसह बांधावं लागतं. पीएचपी असेल तर झेंड या पीएचपीच्या इंजिनाचा स्वतःचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटप करणारा भाग) एन्व्हायर्नमेंटमधून बंद करता येतो. साधन कोणतंही निवडा, हे आधी.

आरआर नावाचं रेकॉर्डरही आहे. क्रॅशपासून उलटं चालत जाता येतं, झकास आहे; पण त्याला प्रोसेसरमधले कामगिरी मोजणारे काउंटर लागतात आणि भाड्याच्या मशीनवर ते बहुधा मिळत नाहीत.

सर्व्हर दुकानाच्या माळ्यावर ठेवला असेल, मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर असेल, आणि तुमच्या मॉड्यूलशिवायचे प्रोग्रामही कुठेही पडत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावा.