हरित पक्षांवरची व्याख्यानमाला: ऐकाच, पण वही घेऊन बसा

राज्यशास्त्र शिकवायचे तेव्हा निवडणूक पद्धतीचा धडा आला की वर्ग पेंगायला लागायचा. हरित म्हणजे पर्यावरणवादी पक्षांच्या वाटचालीवरची ही बारा भागांची ऑनलाइन व्याख्यानमाला तेव्हा हाताशी असती, तर तो धडा मी याच पक्षांपासून सुरू केला असता.

सुरुवात १९७२ च्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातून होते. धरणात बुडणारं पेडर सरोवर वाचवायला काही माणसं एकत्र आली, निवडणुकीला उभी राहिली. जागा एकही आली नाही, सरोवरही बुडालं. व्याख्यात्या बाई इथे अजिबात घाई करत नाहीत. हरलेल्यांना इतका वेळ दिलेला पाहून मला फार बरं वाटलं.

चौथा भाग मी दोनदा ऐकला. १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनच्या ग्रीन पार्टीला जवळपास १५ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या शून्य! पश्चिम जर्मनीत मात्र १९८३ मध्ये तिथल्या हरित पक्षाचे, म्हणजे ग्रीन्सचे, ५.६ टक्क्यांवर २७ जण देशाच्या संसदेत निवडून आले होते. ब्रिटनमध्ये तेव्हा मतदारसंघात पहिला येईल तोच जिंकायचा. जर्मनीत पाच टक्क्यांची वेस ओलांडली की मतांच्या प्रमाणात जागा. हीच वेस १९९० मध्ये आडवी आली. देश एकीकरणाच्या भरात असताना ग्रीन्सचं पोस्टर सांगत होतं, ‘सगळे जर्मनीबद्दल बोलतात, आम्ही हवामानाबद्दल बोलतो.’ पश्चिमेकडच्या ग्रीन्सना ४.८ टक्के मिळाले आणि ते संसदेबाहेर गेले. त्या पोस्टरपाशी मी व्हिडिओ थांबवून बराच वेळ बसले होते.

फुकुशिमाच्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मार्च २०११ मध्ये जपानात अणुभट्टीचा अपघात झाला आणि दोनच आठवड्यांनी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात मतदान. तिथे ग्रीन्सचे क्रेचमान जर्मनीचे पहिले हरित मुख्यमंत्री झाले, याचं सगळं श्रेय इथे अपघाताला दिलंय. पण तिथल्या विधानसभेत हा पक्ष १९८० पासून होता. राज्याची राजधानी श्टुटगार्टच्या रेल्वे स्थानकाच्या प्रकल्पावरून लोक आधीच रस्त्यावर उतरले होते. तीस वर्षांची मशागत दोन आठवड्यांच्या खात्यावर टाकायची, हे मला पटत नाही.

सत्तेत गेल्यावर काय होतं, हे तर नुसत्या तक्त्यात उरकलंय. आयर्लंडच्या हरित पक्षाच्या जागा २००७ मध्ये ६, सरकारात बसल्यावर २०११ मध्ये शून्य. २०२० मध्ये १२, पुन्हा सरकारात, आणि २०२४ मध्ये १. आघाडीतल्या धाकट्या भागीदाराला दोन्ही वेळा एवढा फटका का बसला? यावर एक अख्खं व्याख्यान हवं होतं. त्याऐवजी पाऊण तास पक्षांची बोधचिन्हं आहेत.

उपशीर्षकांत पक्षांची नावं चुकलेली आहेत, टिपणं काढताना ती तपासून घ्या. बोधचिन्हांचा नववा भाग गाळलात तरी चालेल. चौथा मात्र शिक्षकांनी वर्गात लावावाच.