व्हिएतनाम दहा दिवसांत: लहान गटाच्या धावत्या सहलीचे परीक्षण

व्हिएतनामचा नकाशा समोर ठेवला की सहल आखणाऱ्याची अडचण लगेच लक्षात येते. देश उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मधल्या भागात इतका चिंचोळा आहे की एका ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम ५० किलोमीटर भरते. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा असून गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. प्रवाशाला पाहायची असतात ती बहुतेक ठिकाणे या लांब पट्टीवर उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन भागांत एकवटलेली आहेत. तेव्हा दहा दिवसांत तिन्ही भाग दाखवणारी सहल धावतीच असणार, आणि ती धावती आहे अशी तक्रार पैसे भरून झाल्यावर करण्यात अर्थ नाही. तपासायचे ते एवढेच की घाई कुठे केली आणि वाचलेला वेळ कुठे खर्च केला.

ज्या कंपनीच्या सहलीविषयी हे लिहीत आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच कार्यक्रम अनेक कंपन्या विकतात आणि पुढील बहुतेक निरीक्षणे त्या सर्वांना लागू पडतील. गट जास्तीत जास्त बारा जणांचा, सुरुवात हनोईला, शेवट हो ची मिन्ह सिटीला, आणि संपूर्ण प्रवासात एकच स्थानिक गाइड अशी या सहलीची रचना आहे. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतायचे असल्यामुळे उलट फेरीचा एक अख्खा दिवस वाचतो, ही या आखणीतील पहिली जमेची बाजू. व्हिसाचे काम मात्र प्रवाशानेच करायचे असते. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकेरी प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे, आणि अर्जात प्रवेशाचे ठिकाण नमूद करावे लागते. कंपनीने हे वेळेवर आणि नीट कळवले होते.

बारा ही संख्या कंपनीने विचारपूर्वक निवडली असावी, असे वाटण्याइतपत ती सगळीकडे चपखल बसते. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आन येथे गुहांमधून नेणाऱ्या होडीत चार प्रवासी बसतात आणि रात्रीच्या रेल्वेच्या चांगल्या वर्गातील खोलीत चार शायिका असतात. म्हणजे तीन होड्या, तीन खोल्या, आणि अनोळखी माणसांत कोणाला बसवावे हा प्रश्नच उरत नाही. अडचण येते ती रस्त्यावर. सोळा आसनी गाडीत बारा प्रवासी, गाइड आणि चालक आरामात बसतात, पण बारा मोठ्या बॅगा ठेवायला जागा उरत नाही. मागच्या रांगेवर बॅगांची उतरंड रचली जाई आणि शेवटी बसणाऱ्याने दर वळणाला एक हात मागे टेकवून ती सावरायची, असा अलिखित नियम दुसऱ्याच दिवशी ठरून गेला. गट दहाचा ठेवावा किंवा बॅगेच्या आकारावर मर्यादा घालून ती पत्रकात ठळक छापावी.

आखणीतील सर्वांत खटकणारा दोष मात्र अगदी साधा आहे: सहल रविवारी सुरू होते. हनोईच्या होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेले असतात. हॉटेल जुन्या भागात असल्यामुळे गाडी दूर उभी राहिली आणि गर्दीतून बॅगा ओढत चालावे लागले. ही गैरसोय एकवेळ सोसता येते, कारण रविवारच्या संध्याकाळी तळ्याकाठी खेळणारी मुले आणि ध्वनिवर्धकाच्या तालावर नाचणाऱ्या आजीबाई पाहणे ही हनोईची उत्तम ओळख आहे. पण दुसरा दिवस सोमवार उजाडतो, आणि सोमवारी व शुक्रवारी हो ची मिन्ह यांचे समाधिस्थळ बंद असते. छापील कार्यक्रमात ‘समाधिस्थळास भेट’ असे लिहिलेले असताना प्रत्यक्षात चौकातून इमारतीचे बाह्यदर्शन घडते. शहरातील वंशशास्त्र संग्रहालयही सोमवारी बंद असते, त्यामुळे पर्यायही हातचा जातो. सहल एक दिवस पुढे ढकलली तर दोन्ही अडचणी दूर होतात आणि त्यासाठी कंपनीला एक डाँगही (डाँग हे तेथील चलन) जास्त खर्च येत नाही.

त्या दिवशी वाचलेला वेळ गाइडने साहित्य मंदिराला दिला, हे त्याचे शहाणपण. १०७० साली स्थापन झालेल्या या कन्फ्यूशियसच्या मंदिरात १४४२ ते १७७९ या काळातील राजदरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरलेले ८२ शिलालेख दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. मोठ्या गटांना येथून अर्ध्या तासात बाहेर काढतात. आम्हाला सावकाश पाहता आले.

‘हा लाँग’ उपसागरातील एक रात्रीच्या नौकाविहाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९९४ पासून जागतिक वारसा असलेल्या या उपसागराचे सौंदर्य कोणत्याही कंपनीच्या आखणीने वाढत नाही की घटत नाही. एक गोष्ट ग्राहकाने लक्षात ठेवावी. ‘दोन दिवस, एक रात्र’ असे विकले जाते तेव्हा नौकेवर चढायला दुपार होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी उतरावे लागते, म्हणजे हाती चोवीस तासही येत नाहीत. हनोईहून जाताना हस्तकला केंद्रात घेतलेला थांबा हा खरेदीचा थांबा असतो. स्वच्छतागृहाची सोय चांगली असते एवढेच त्याचे समर्थन. जोराचा वारा असेल तर बंदर प्रशासन नौका सोडत नाही, आणि उत्तरेत जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा मुख्य काळ आहे. अशा वेळी काय करणार, याचे उत्तर कंपनीच्या अटींत ‘पर्यायी व्यवस्था’ या दोन शब्दांपलीकडे नाही.

याउलट निन्ह बिन्हची आखणी मला या संपूर्ण सहलीतील सर्वांत हुशारीची वाटली. बहुतेक सहली निन्ह बिन्ह एका दिवसात उरकून हनोईला परततात. येथे मात्र हा लाँगहून थेट निन्ह बिन्हला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी त्रांग आन, दुपारी दहाव्या शतकातील होआ लू ही जुनी राजधानी, आणि रात्री निन्ह बिन्ह स्थानकातूनच ह्वेची गाडी, असा क्रम आहे. हे स्थानक मुख्य लोहमार्गावरच असल्यामुळे हनोईला परतण्याची गरज नाही, ही बाब नकाशा पाहणाऱ्याला दिसते, पण छापील सहलींत क्वचितच वापरलेली आढळते. मुक्काम तेथेच असल्याने हनोईहून येणाऱ्या बस पोहोचण्याआधी आम्ही धक्क्यावर होतो. वल्हवणाऱ्या बाईंनी होडी ढकलली तेव्हा पाण्यावर दुसरे कोणी नव्हते. पहिल्या गुहेत छत इतके खाली येते की कमरेतून वाकून डोके गुडघ्यांवर टेकावे लागते. अंधारात वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि बाई मागून हलकेच खांद्यावर थोपटतात तेव्हा समजायचे की आता मान वर केली तरी चालेल. तीन तासांच्या त्या फेरीनंतर परतताना धक्क्यावरची रांग पाहिली आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे मोल कळले.

रात्रीच्या रेल्वेविषयी प्रवाशांचे मत दुभंगलेले असते. गाडी जुनी आहे, वरच्या शायिकेवर चढणे गुडघे दुखणाऱ्यांना जमत नाही, आणि पहाटेनंतर स्वच्छतागृहात जाऊ नये हे उत्तम. तरीही एका रात्रीत साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापले जाते आणि दिवस वाया जात नाही. धावत्या सहलीत झोपेच्या वेळात प्रवास उरकणे हा योग्य सौदा आहे, मात्र तो एकदाच करावा; या कंपनीने तो एकदाच केला आहे.

ह्वे ही १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन राजघराण्याची राजधानी होती. तिला मिळालेला एक दिवस पुरेसा नाही, पण वापरला नीट गेला: सकाळी राजवाड्याचा कोट, दुपारी थिएन मू पॅगोडा, आणि ऊन उतरल्यावर सम्राट खाई दिन्हची समाधी. जेवणाच्या बाबतीत मात्र कंपनीचे अज्ञान येथेच उघडे पडले. शाकाहारी प्रवाशांना हनोईपासून दर जेवणाला तळलेला टोफू, परतलेली पालेभाजी आणि पांढरा भात मिळत होता, आणि भाजीत माशांचा सॉस नाही ना, हे दर वेळी गाइडला स्वयंपाकघरात जाऊन विचारावे लागत होते. ह्वेला बौद्ध मठांमुळे शाकाहारी पाककलेची मोठी परंपरा आहे, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक सामान्य कुटुंबेही शाकाहार पाळतात. अशा गावातही तोच टोफू पुढे आला. रात्री गाइडने शाकाहारी मंडळींना हॉटेलपासून चालत जाण्याजोग्या एका साध्या शाकाहारी खाणावळीत नेले आणि दौऱ्यातील सर्वांत चांगले जेवण तेथे झाले. ते अर्थातच सहलीच्या खर्चात धरलेले नव्हते.

ह्वेहून होई आनला जाताना गाडी ४९६ मीटर उंचीच्या हाय वान खिंडीतून नेली, हे नमूद करण्याजोगे आहे. २००५ साली सुरू झालेल्या बोगद्यामुळे वेळ बराच वाचतो आणि मोठ्या बस तोच मार्ग धरतात, पण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ढगांत शिरलेला डोंगर बोगद्यातून दिसत नाही.

होई आनला दोन रात्री आहेत आणि कपडे शिवून घेणाऱ्यांसाठी हे नेमके गणित आहे: पहिल्या संध्याकाळी मापे, दुसऱ्या संध्याकाळी अंगावर घालून दुरुस्ती, आणि रात्री उशिरा हॉटेलवर पोच. एकच रात्र असती तर शिवणकाम घाईत बिघडले असते. पण या दोन रात्रींमधला संपूर्ण दिवस कंपनीने बा ना हिल्सला दिला आहे. २०१८ मध्ये खुला झालेला, दोन महाकाय हातांनी तोललेला सोनेरी पूल तेथे आहे, लांबलचक केबल कार आहे, आणि नकली फ्रेंच गाव आहे. तिकीट नऊ-दहा लाख डाँगांच्या घरात जाते. पुलावर छायाचित्रासाठी धक्काबुक्की करावी लागते आणि धुके असेल तर हातही दिसत नाहीत. ज्यांना हे आवडते त्यांनी अवश्य जावे, परंतु दहापैकी एक दिवस यावर खर्च करून ‘मी सोन’ या प्राचीन मंदिरस्थळाला जेमतेम दीड तास देणे ही माझ्या मते या आखणीतील सर्वांत मोठी चूक आहे.

मी सोन म्हणजे चौथ्या शतकात चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर शिवाचे देऊळ उभारले ती दरी. पुढे तेराव्या शतकापर्यंत तेथे विटांची मंदिरे बांधली जात होती. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत तेथील सर्वांत भव्य मंदिर उद्ध्वस्त झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही मंदिरसमूहांचे जतन केले आणि त्याच कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. तिकीट बा ना हिल्सच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. छापील कार्यक्रमानुसार न्याहारीनंतर आठ वाजता निघून, नऊनंतर बसच्या गर्दीत पोहोचून, अकराला विमानतळाकडे पळायचे होते. आदल्या संध्याकाळी गाइडने सर्वांना विचारले, बाराही जणांनी होकार दिला, हॉटेलने न्याहारी डब्यात बांधून दिली आणि पहाटे निघून आम्ही सकाळी लवकरच आत शिरलो. विटा इतक्या घट्ट बसलेल्या आहेत की सांध्यात नख शिरत नाही, आणि त्या कशाने जोडल्या यावर अजून चर्चा चालू आहे. हे जवळ जाऊन, बोट फिरवून पाहायला त्या वेळी कोणी अडवणारे नव्हते. चाळीस जणांच्या गटात असा बदल रात्रीतून शक्यच झाला नसता. लहान गटासाठी जास्त पैसे मोजावेत ते यासाठीच, पण कंपनीच्या पत्रकात या लवचिकतेचा उल्लेखही नाही. तेथे ‘वैयक्तिक लक्ष’ एवढेच छापले आहे.

शेवटचा दिवस मात्र गाइडलाही सावरता आला नाही. हो ची मिन्ह सिटीच्या वायव्येला असलेली युद्धकाळातील कू ची भुयारे आणि नैर्ऋत्येला मेकाँग नदीच्या मुखप्रदेशातील ‘मी थो’ ही दोन विरुद्ध दिशांची ठिकाणे एकाच दिवसात कोंबली आहेत, आणि त्याच रात्री परतीचे विमान. भुयारांचे जाळे दोनशे किलोमीटरहून अधिक पसरलेले होते. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या दोन भागांपैकी जवळचा, म्हणजे अधिक गजबजलेला बेन दिन्ह हा भाग दाखवला जातो. पत्रकावर तरंगत्या बाजाराचे छायाचित्र आहे, पण तसा बाजार भरतो तो कान थोच्या काई रांगला, पहाटे, आणि तेथे जायचे तर मुक्काम हवा. मी थोला नारळाच्या वड्यांचा कारखाना आणि होडीतून छोटी फेरी एवढेच पदरी पडते. हॉटेलच्या खोल्या दुपारीच सोडलेल्या असल्यामुळे दिवसभराच्या घामट कपड्यांत विमानात बसावे लागते, आणि युद्ध अवशेष संग्रहालय, जे रोज सकाळी साडेसातला उघडते आणि ज्यासाठी अनेक जण या शहरात येतात, ते कार्यक्रमात नाहीच.

ऋतूबद्दलही कंपनी मौन बाळगते. हाच कार्यक्रम वर्षभर विकला जातो, परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्वे आणि होई आनला मुसळधार पाऊस होतो आणि होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पाणी शिरते. तिन्ही भाग एकाच वेळी बऱ्यापैकी कोरडे मिळायचे असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरावा आणि त्यातही तेत या नववर्षाच्या सुटीचा आठवडा टाळावा.

आहे त्या स्वरूपात मी या सहलीला पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि त्यातला एक पूर्णपणे गाइडचा आहे. नोंदणी करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हनोईतील शहरदर्शन सोमवारी किंवा शुक्रवारी नसावे, बा ना हिल्स ऐच्छिक असून न जाणाऱ्यांचे तिकिटाचे पैसे परत मिळावेत, आणि शेवटच्या दिवशी मी थो वगळून सकाळी कू ची, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळपर्यंत अंघोळीपुरती तरी एक खोली ताब्यात असावी. पहिली मागणी मान्य होण्यासारखी आहे, तिसरीही गटाने एकमुखाने केली तर जमेल. दुसरीवर मात्र कंपनी सहजासहजी राजी होणार नाही.