लॉनला पाणी: पाइप ओढायचा, मिनी स्प्रिंकलर मांडायचे की सगळं जमिनीत पुरायचं?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हा प्रश्न विचारला, आणि तिघांच्याही बंगल्यासमोर अजून वाळूचा ढीग पडलेला आहे. हे फार बरं. लॉन अंथरून झाल्यावर हा प्रश्न विचारला की उत्तराचा खर्च वाढतो. मी तेव्हाच विचारला होता.

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला. समोर साधारण सोळाशे फुटांचं लॉन, कडेने जास्वंद, मोगरा, दोन लिंबं आणि कुंपणावर मधुमालती. पाणी बोअरचं. कडेच्या झाडांना ठिबक आहे आणि त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. द्राक्षवाल्यांच्या जिल्ह्यात ठिबकाबद्दल मी काय सांगणार? प्रश्न फक्त गवताचा. गवताला थेंब चालत नाही, त्याला सगळीकडून सारखं भिजायला लागतं.

पर्याय म्हणाल तर तीनच. हातात पाइप घेऊन उभं राहायचं. नाहीतर वरच्या वर काहीतरी मांडायचं: तीन पंखांचा फिरता फवारा, कांद्याच्या वाफ्यात असतात तसे खुंटीवरचे मिनी स्प्रिंकलर किंवा सरळ रेनपाइप, म्हणजे बारीक भोकांची नळी. तिसरा पर्याय म्हणजे जमिनीखालचे पॉप-अप, जे पाणी सोडलं की डोकं वर काढतात आणि बंद केलं की बिळात जातात.

हातातला पाइप मी बाद धरतो. संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरून उभं राहण्यात सुख आहे, मी अजूनही कुंड्यांना तसंच पाणी घालतो. पण दीडशे चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे साडेसातशे लिटर. उन्हाळ्यात एवढं तरी लागतंच. हजार लिटरची टाकी पाऊण रिकामी होईपर्यंत कोण उभं राहतं? पाच मिनिटांत आपल्याला वाटतं, झालं भिजून. बोट खुपसून पाहिलं तर अर्ध्या पेराखाली कोरडं ठक्क.

तेव्हा खरी लढत वरचं विरुद्ध खालचं.

वरच्याची बाजू मांडायला आमचे दाजी पुरेसे आहेत. त्यांची पिंपळगावकडे शेती आहे, कांदा आणि द्राक्षं. मी जमिनीखालचं करायचं म्हणतोय हे कळल्यावर ते म्हणाले, “अरे, पाइप पुरायचा म्हणजे गळती पुरायची. वर असलं तर दिसतं तरी.” वर त्यांनी गाडीतून सोळा एमएमच्या नळीचं अर्धं बंडल आणि मूठभर मिनी आणून टाकले. “हे लाव, उरलेल्या पैशात बायकोला साडी घे.”

दाजींचं म्हणणं हसण्यावारी न्यायचं नाही. मिनीचं काही बिघडलं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी ठिबकवाल्याच्या दुकानात सुटा भाग मिळतो, आणि दुकानदाराला तो कशाचा आहे हे सांगावं लागत नाही. पॉप-अपचं नोझल तुटलं तर मला ते मागवावं लागतं आणि तोवर तिथे बूच मारून बसावं लागतं. दुसरी गोष्ट दाबाची. रेनपाइप गच्चीवरच्या टाकीच्या दाबावरही बऱ्यापैकी उडतो. पॉप-अप नाही. प्लंबरच्या भाषेत त्याला दोन किलो प्रेशर लागतं, म्हणजे वीस मीटर उंचीवरची टाकी. एकमजली बंगल्याच्या गच्चीवरची टाकी जेमतेम सात मीटरवर असते. तेवढ्या दाबावर पॉप-अप अर्धवट वर येतो आणि म्हाताऱ्याने चूळ भरावी तसं पाणी टाकतो. त्यामुळे जमिनीखालचं करायचं तर वेगळा पंप आलाच, आणि कोटेशनमध्ये तो बहुतेकदा नसतो. विचारून घ्या.

तर मी दाजींचं ऐकलं. चार वर्षं वरचंच वापरलं. आधी फिरता फवारा, मग मिनी.

त्या चार वर्षांत माझा निकाल ज्याने लावला ते गळती, दाब, पैसे यांपैकी काहीच नव्हतं. ते होतं जागा बदलणं.

फिरता फवारा एका जागेवरून सगळं लॉन भिजवत नाही. आमच्याकडे त्याच्या पाच जागा होत्या. नळ घरामागे, धुण्याच्या दगडापाशी. फवाऱ्यापासून बत्तीस पावलं. मोजायची वेळ यावी इतक्या वेळा चाललोय. नळ बंद करायचा, बत्तीस पावलं जायचं, फवारा उचलायचा, पुढच्या जागी ठेवायचा, परत बत्तीस पावलं. नळ सोडला की पोर्चच्या कोपऱ्यावर पाइपला मुडप पडलेली असायची. पाणी यायचं नाही. परत जायचं, मुडप काढायची, तेवढ्यात साठलेला दाब सुटून फवारा फिरायला लागायचा आणि आपण त्याच्या टप्प्यात उभे. ऑफिसच्या शर्टात. पाइप झटक्याने सरळ केला की तो वाटेतली एखादी कुंडी हमखास आडवी करायचा. शेवंतीच्या तीन कुंड्या मी अशा घालवल्या, आणि तिसरीच्या वेळी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

हे रोज पाच वेळा. आता तुम्ही म्हणाल, नळ चालू ठेवूनच फवारा हलवावा. तेही केलंय. पायजम्यात, शेजाऱ्यांच्या देखत.

आणि विसरणं. तिसऱ्या जागेवर फवारा ठेवला, फोन आला, बोलता बोलता आत गेलो, तासाने फाटकातून पाणी रस्त्यावर. एका कोपऱ्यात चिखल आणि चौथ्या-पाचव्या जागेला त्या दिवशी काहीच नाही, कारण टाकी संपली. एप्रिलपर्यंत आमच्या लॉनवर हिरवे आणि पिवळे गोल असे काही उमटायचे की माहेरी आलेली बहीण म्हणाली, “दादा, हे डिझाइन मुद्दाम केलंय का?”

मिनीने जागा बदलायचा त्रास गेला, पण फक्त दहा दिवसांपुरता. कारण गवत कापावं लागतं. कापायच्या आधी सगळ्या खुंट्या उपटा, नळ्या गोळा करा, कापून झालं की परत मांडा. शेतात कांदा काढेपर्यंत ती मांडणी हलत नाही, म्हणून दाजींना हे कधी खुपलंच नाही. आमच्या माळीमामांनी दोनदा सगळं इमानदारीत उचललं. तिसऱ्यांदा मशीन नळीवरूनच नेलं. नळी जोडायला छोटा जोड दहा रुपयांत मिळायचा, हे खरं. पण पावसाळा उघडल्यापासून उन्हाळ्यापर्यंत मी त्या नळीत इतके जोड बसवले की मूळ नळी शोधावी लागत होती. मे महिन्यात लग्नाला चार दिवस गावी जायचं तरी माळीमामांच्या मागे लागून जायचं, आणि आल्यावर लॉनकडे न बघता घरात शिरायचं.

शेवटी 2019 च्या दिवाळीनंतर पुरून टाकलं.

आता पुरलेल्याची गाऱ्हाणी. मोकळेपणाने सांगतो, कमी नाहीत.

आमची माती काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, आणि या फुगण्या-आकसण्यात पीव्हीसीचे सांधे निखळतात. पहिल्याच उन्हाळ्यात एक सांधा गेला. दाजी म्हणाले होते तसंच झालं: गळती दिसली नाही, फक्त एका जागी गवत जरा जास्तच खुशीत दिसायला लागलं. खणलं तेव्हा कळलं. ज्याने काम केलं त्याने पाइप थेट काळ्या मातीत टाकला होता. आता मी विचारणाऱ्याला सांगतो की चर फूटभर खोल घ्या, पाइपाच्या खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम भरा, आणि शक्य असेल तिथे काळा एचडीपीई पाइप (वाकणाऱ्या प्लास्टिकचा) अखंड टाका. सांधाच नसला तर निखळणार काय?

काळी माती पाणीही हळू पिते. पॉप-अपमध्ये दोन जाती असतात. साधं फवाऱ्याचं हेड तासाला चाळीस मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततं, फिरणारं रोटर दहा-बारा. साध्या हेडने सलग पाणी दिलं तर काही मिनिटांत ते वाहायला लागतं. चार मिनिटं, मग थोडी विश्रांती, परत चार मिनिटं, असा टायमर लावला की मुरतं. आणि या दोन्ही जाती एकाच व्हॉल्व्हवर घालू देऊ नका, कामगार उरलेला माल खपवायला घालतात. एकीकडे तळं आणि दुसरीकडे माळरान होतं.

बोअरच्या पाण्याचे क्षार तर सगळ्यांनाच छळतात. वरचं असो की खालचं, फिल्टर लागतोच. पॉप-अपमध्ये मात्र क्षारांबरोबर पावसाळा येतो. मृगाचा पाऊस पडला की मी टायमर बंद करतो तो थेट नवरात्रापर्यंत. चार महिने हेडं बिळात, वर माती आणि गवताची मुळं. सुरू केलं की दोन-तीन हेडं वर यायलाच तयार नसतात. म्हणून आमच्याकडे खंडेनवमीला एक कार्यक्रम असतो: सगळ्या हेडांच्या जाळ्या काढायच्या, व्हिनेगरच्या वाटीत तासभर भिजवायच्या, जुन्या टूथब्रशने घासायच्या. मग पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि टायमर यांना एकाच ओळीत हळदकुंकू. अर्धा दिवस जातो. वर्षातून एकदा.

टायमरची एक फजिती सांगायलाच हवी. एका रात्री लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आली. टायमरच्या आतला सेल मेला होता, मला पत्ता नव्हता. लाइट आल्यावर घड्याळ बारावर गेलं आणि त्याच्या हिशेबाने मध्यरात्रीपासून दिवस सुरू झाला. पाणी पहाटे पाचला लावलेलं, आणि त्याचे पहाटेचे पाच वाजले संध्याकाळी साडेपाचला. त्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि गर्मी म्हणून बायकांना लॉनवर बसवलं होतं. कैरीची डाळ, पन्हं, सगळं मांडलेलं. आठही हेडांनी एकदम डोकं वर काढलं. त्यानंतर दर गुढीपाडव्याला मी तो सेल बदलतो, मेला असो वा नसो.

पाणी वाचतं का, हेही विचारतात. विकणारे तर सांगतातच. माझा अनुभव विचाराल तर वाचतं ते विसरण्यातलं. टायमरला फोन येत नाही. शिवाय पहाटे वारा नसतो, ऊन नसतं, त्यामुळे उडालेलं पाणी गवतावरच पडतं. रात्रभर ओलं राहून बुरशी धरण्याची भीतीही नाही. मीटर लावून मोजलेलं नाही. माझं मोजमाप म्हणजे सकाळी अनवाणी लॉनवर एक फेरी. तळव्यांना कुठे कोरडं लागलं तर त्या बाजूचं हेड बघायचं. या मे महिन्यात तीनदा लागलं. वरचं वापरलं त्या चार वर्षांत कोरडं कुठे नाही हेच शोधावं लागायचं.

म्हणजे सगळ्यांनी पुरावंच असं नाही. लॉन चार-पाचशे फुटांच्या आत असेल तर एक बरा फवारा मधोमध ठेवा आणि सुखी राहा. जागा बदलायचीच नसेल तर माझ्या तक्रारीचं मूळच गेलं. भाड्याच्या घरात प्रश्नच येत नाही. बोअरला मार्चनंतर पाणीच राहत नसेल तर सिस्टीमचा नव्हे, लॉनचा फेरविचार करा. आणि ज्यांच्याकडे माळी रोज येतो, वेळेवर येतो, आणि सांगितलेलं करतो, त्यांना माझा नमस्कार. त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवला.

बाकीच्यांनी निदान एक करावं. निर्णय होवो न होवो, पोर्चचं काँक्रीट ओतायच्या आधी त्याखालून चार इंची पाइपाचा एक तुकडा आडवा टाकून ठेवा, दोन्ही तोंडं गोणपाटाने बांधून. उद्या पाणी न्यायचं झालं तर त्यातून जाईल, वायरही जाईल. मी टाकला नव्हता. आमच्या पोर्चच्या मधोमध आता हातभर रुंदीची, फोडून परत भरलेली पट्टी दिसते, आणि दाजी आले की गाडी बरोबर तिच्यावर उभी करतात.