कॅनरीला मिक्स दाणा द्यावा की पेलेट?

दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि पिंजऱ्यातला पक्षी उपाशी असतो. कॅनरी, म्हणजे हा छोटा गाणारा पक्षी, दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलते, गर खाते आणि फोलपट तिथेच वाटीत टाकते. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हे झालं. "आज काही खाल्लं नाही वाटतं हिनं," म्हणून वाटी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज फुंकर मारली, तर सगळी फोलपटं उडाली आणि तळाशी पाच-सहा दाणे उरले. वीसेक ग्रॅमचा जीव, त्याला एका दिवसाचा उपासही जड जातो.

त्यामुळे खाद्य निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: वाटीतलं नेमकं काय आणि किती पोटात जातं?

मिक्स दाण्याचा मोठा गुण म्हणजे पक्षी तो ओळखतो. दुकानातल्या मिक्समध्ये साधारण कॅनरी सीड (एका गवताचं फिकट, लांबट बी), राळा, कारळे, थोडी अळशी असते. सोलत बसण्यात त्याचा वेळही जातो, पिंजऱ्यातल्या एकट्या पक्ष्याला तो उद्योग हवाच. अडचण अशी की कॅनरी निवडून खाते. आधी कारळे संपतात. घरी कारळ्याची चटणी होत असेल तर कुटताना हाताला लागणारं तेल आठवा. कारळ्यात 35 ते 40 टक्के तेल असतं. रानात दिवसभर उडणाऱ्या पक्ष्याला ते पचेल, दोन दांड्यांमध्ये उड्या मारणारा लठ्ठ होतो आणि यकृतात चरबी साठते. मिक्स घेताना कॅनरी सीड सगळ्यात जास्त आणि काळे दाणे थोडेच, असं बघा. सुटा दाणा घेऊन घरी मिसळलात तर प्रमाण आपल्या हातात राहतं.

दुसरी उणीव जास्त गंभीर. कुठलाही दाणा घ्या, त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि कॅल्शियम अगदी कमी. म्हणजे नुसत्या दाण्यावर ठेवलेली कॅनरी पोट भरूनही कुपोषित राहते. मग कोथिंबीर, मेथी, ब्रोकोलीचा तुरा, किसलेलं गाजर यांपैकी काहीतरी रोज धुऊन द्यावं लागतं. पालक अधूनमधूनच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री जीवाच्या अंगातलं पांढरं हलकं कवच, पिंजऱ्याला अडकवायचा. कोकणच्या किनाऱ्यावर तो वाहून आलेला सापडतो; तो आणलात तर खारटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून कडक उन्हात वाळवा.

दाणा ताजा आहे की नाही हे ओळखायला घरगुती उपाय आहे. चमचाभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत बहुतेकांना मोड आले तर माल चांगला. येत नसतील तर दाणा जुना आहे. पावसाळ्यात कुबट वास आला किंवा जाळी दिसली तर पाखडून-निवडून वापरू नका, सरळ फेकून द्या. बुरशीचं विष पाखडून जात नाही.

पेलेट म्हणजे दाणे वगैरे दळून बनवलेल्या तयार बारीक गोळ्या. त्यात निवडानिवड संपते. प्रत्येक गोळी सारखीच, जीवनसत्त्वं आणि खनिजं आतच घातलेली. सकाळी आठला घर सोडून रात्री परतणाऱ्यांना हे सोयीचं आहे, कारण दुपारी सुकलेली कोथिंबीर काढायला घरी कोणी नसतं. पेलेट दाण्यापेक्षा महाग पडतं आणि त्याचा चुराही बराच होतो, पण खरी अडचण वेगळीच आहे. दाण्यावर वाढलेल्या कॅनरीला पेलेट म्हणजे खाणं आहे हेच कळत नाही. "भूक लागली की खाईल" हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो.

बदल करायचाच तर कॅनरी-फिंचसाठीचं सगळ्यात बारीक, बिनरंगाचं पेलेट घ्या. नेहमीच्या दाण्यात चिमूटभर कुस्करून मिसळा आणि प्रमाण हळूहळू, काही आठवडे घेऊन वाढवा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. 20 ग्रॅमच्या पक्ष्याचं 2 ग्रॅम घटलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. लगेच पूर्ववत दाणा सुरू करा. पेलेट पूर्ण सुरू झाल्यावर पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका, अ आणि ड जास्त झालं तर बाधतं.

माझा कौल? पक्षी वयस्क आणि जन्मभर दाण्यावरचा असेल तर पेलेटच्या मागे लागू नका. भाजी आणि समुद्रफेस वाढवा. पिल्लू नुकतंच आणलं असेल तर ब्रीडर काय देत होता ते विचारून पहिले दोन आठवडे तेच द्या, मग पेलेटची सवय लावा. आम्ही स्वतः रोज चहाचा दीड चमचा दाणा, चिमूटभर पेलेट आणि एक हिरवं पान यावर आहोत. घरात भाजी रोज येते, म्हणून हे जमतं.

उकडलेलं अंडं कुस्करून देतात, ते पिसं झडायच्या दिवसांत किंवा पिल्लं असताना. उन्हाळ्यात दोन तासांत उचला. एरवी रोज दिलंत तर मादी नराशिवायही अंडी घालत बसते आणि त्यातच तिची झीज होते. ॲव्होकॅडो, चॉकलेट आणि आपलं फरसाण कधीच नको.

लाल कॅनरी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागेल. तिचा लाल रंग टिकतो तो खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यावर, आणि तो पिसात उतरतो पीस वाढत असतानाच. नवी पिसं फुटायच्या आधी रंगखाद्य सुरू केलं नाही, तर ती फिकट नारिंगी येतात आणि पुढच्या वर्षी झडेपर्यंत तशीच राहतात.