कॅमेरा झाडाला की धनुष्याला?

धनुष्याने केलेल्या शिकारीचं चित्रण स्वतःच करायचं आणि मचाणावर एकटे असाल, तर धनुष्य आणि कॅमेरा दोन्हींना हात पुरत नाहीत. झाडाला पट्ट्याने आवळलेल्या आर्मवर, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या वळत्या दांड्यावर, झूमचा कॅमेरा लावला, तर हरीण पडद्यावर हरणासारखं दिसतं. पण ते सरकलं की चौकटही सरकवायची, आणि नेमकी तीच हालचाल त्याला दिसते! ऑटोफोकस समोरच्या फांदीलाच चिकटतो. फोकस मॅन्युअल ठेवा.

धनुष्यावर बसवलेला छोटा, दणकट अ‍ॅक्शन कॅमेरा नेम धराल तिकडेच बघतो. मात्र त्याच्या रुंद भिंगात २० मीटरवरचं जनावर अगदी इवलंसं होतं, संध्याकाळी चित्र दाणेदार येतं, बाण सुटताच हादरतं. काही ठिकाणी धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरण लावायला मनाईही असते.

मी आर्म घेईन. चौकट थोडी मोकळी ठेवायची आणि धनुष्य ताणलं की कॅमेरा विसरायचा.