हेवी डिपॉझिट: साडेपाच लाख गेले, वर थकीत भाड्याची नोटीस

हेवी डिपॉझिट म्हणजे काय हे मुंबईच्या आसपास भाड्याने राहणाऱ्याला सांगायला नको. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. मधला एजंट यात पैसे कसे खातो हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं. तरी माझे ५,५०,००० रुपये गेले. वर ११,००० दलाली, ती वेगळी. "शिकलेली माणसं अशी कशी फसतात" असं ज्यांच्या ओठावर आलंय त्यांनी आधी २०२० साल आठवावं.

एप्रिलपासून पगार ३८,००० वरून २४,७०० वर आला. ठाण्यातल्या घराचं भाडं १४,०००. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना राज्य सरकारने १७ एप्रिलला घरमालकांना दिल्या होत्या. आमच्या मालकाने ती बातमी मलाच व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "पुढे ढकललंय, माफ नाही." उरलेल्या १०,७०० मध्ये किराणा, वीज, आईची औषधं आणि मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी फोनचा हप्ता.

अशा वेळी हेवी डिपॉझिटचा हिशोब मांडून बघा. एफडीवर तेव्हा पाच-साडेपाच टक्के व्याज होतं. म्हणजे साडेपाच लाखांवर महिन्याला जेमतेम अडीच हजार सुटणार. ते सोडायचे आणि १४,००० वाचवायचे. हा हिशोब मला आजही चुकीचा वाटत नाही. तो पैसे खऱ्या मालकाकडे जातात असं धरून केलेला होता, एवढंच.

रक्कम अशी उभी केली: मोडलेली एफडी २,४०,०००, बायकोच्या दागिन्यांवर गोल्ड लोन १,३५,०००, कोविडसाठी सरकारने मुभा दिली होती म्हणून पीएफमधून काढलेले ६१,०००, जुन्या घराचं परत मिळालेलं डिपॉझिट ५०,००० आणि मेहुण्याकडून ६४,०००. मेहुण्याचे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. दिवाळीत भेटतो तेव्हा तो विषय काढत नाही, आणि तेच जास्त टोचतं.

घर कल्याणच्या पुढे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. एजंटचं काचेचं ऑफिस, भिंतीवर देवाचा फोटो, टेबलावर सॅनिटायझर. मालक कोकणात अडकलाय, लोकल बंद आहे, सगळे अधिकार मला दिलेत, असं त्याने सांगितलं. फोनवर "मालकाशी" बोलणंही करून दिलं. तो माणूस शांतपणे, समजूतदारपणे बोलला. मुलगी कितवीत आहे हे विचारलं. खऱ्या मालकाने नंतर मला सांगितलं की त्याने माझा आवाज आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता.

आता तो क्षण, ज्यावरून अजून रात्री झोप उडते.

करार दोन होते. एक ऑनलाइन नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, अकरा महिन्यांचा. त्यात मालकाचं खरं नाव, डिपॉझिट २५,००० आणि भाडं दरमहा ९,५००. दुसरा ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला, त्यात साडेपाच लाख. अंगठ्याचं मशीन घेऊन आलेल्या पोराने पहिला करार लॅपटॉपवर दाखवला. मी वाचला. हो, वाचला, डोळे मिटून अंगठा दिलेला नाही. विचारलं, "हे साडेनऊ हजार कशाचे?" एजंट हसला. "दादा, ते स्टॅम्प ड्युटी वाचवायला. सगळे असंच करतात. तुम्हाला कुठे भरायचंय?"

त्या पोराला पुढच्या तीन घरी जायचं होतं, तो मास्क खाली-वर करत होता, आमचं सामान टेम्पोत भरून खाली उभं होतं. मी अंगठा दिला. मालकाचा अंगठा त्याच्या घरी जाऊन घेणार होते, त्यामुळे आम्ही समोरासमोर यायचा प्रश्नच नव्हता. घरबसल्या नोंदणीची केवढी सोय!

स्टॅम्प ड्युटीचं गणित मी नंतर केलं. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. साडेपाच लाख खरे दाखवले असते तर ती दीडशे रुपयांच्या आत बसते. ९,५०० भाडं दाखवून ती अडीचशेच्या वर गेली. म्हणजे वाचवायच्या नावाखाली त्याने जास्त ड्युटी भरली, आणि तिथे उभ्या असलेल्या माझ्यासारख्या अकाउंट्सच्या माणसाला ते कळू नये! एजंट "ड्युटी वाचते" म्हणाला की मोबाइलवर तिथल्या तिथे गुणाकार करा.

पैसे आरटीजीएसने गेले, एजंटच्या फर्मच्या खात्यात. मालकाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. पॉवर ऑफ अॅटर्नी, आजारपण, गावाला गेलेत, काहीही ऐकू नका.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एजंटने मालकाला २५,००० डिपॉझिट दिलं, आठ महिने ९,५०० भरत राहिला आणि मे २०२१ पासून बंद. मालकाला दिले एकूण १,०१,०००. खाल्ले ४,४९,०००. जुलैमध्ये मालक दारात उभा, तीन महिन्यांचे २८,५०० मागायला. ऑफिसला कुलूप, नंबर बंद.

पोलीस स्टेशनमध्ये पहिलं वाक्य: "ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." दुसरं: "पैसे देताना आम्हाला विचारलं होतं का?" मग हद्द. एजंटचं ऑफिस एका स्टेशनच्या हद्दीत, घर दुसऱ्या, माझी बँक ठाण्यात. ते याच्याकडे पाठवणार, हा त्यांच्याकडे. शेवटी एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात ठेवला आणि वर समज दिली की तुमचा नोंदवलेला करारच सांगतो की तुम्ही भाडं थकवलंय. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०१३चा ललिता कुमारी निकाल आहे. मी त्याची प्रिंट नेली होती. साहेबांनी ती पालथी घातली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

नोंदणी कार्यालय म्हणालं, आम्ही दस्त नोंदवतो, व्यवहार खरा की खोटा ते बघणं आमचं काम नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, गेलो तर कळलं, तिथे घरविक्रीच्या एजंटची नोंदणी असते, भाड्याचे दलाल त्यात येतच नाहीत. म्हणजे लाखो भाडेकरूंचे पैसे ज्या माणसांच्या हातातून जातात त्यांना विचारणारं कुणी नाही. कर मात्र वेळेवर हवा. व्यावसायिक पद्धतीने लुटणाऱ्यालाही "आपसात मिटवा" म्हणणारे हे पोलीस हेल्मेट नसलं की मात्र अर्ध्या मिनिटात पावती फाडतात.

आणि कायदा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४. लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा, आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं. मालकाच्या वकिलाच्या नोटिशीत दोन्ही होतं: २८,५०० आणि ऑगस्टपासून महिन्याला १९,०००. मालकाचा राग येतो, पण त्याचीही फसवणूकच झाली होती. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. आम्ही ऑगस्टच्या आतच घर रिकामं केलं, थकबाकीतले १५,००० देऊन.

गुन्हा शेवटी नोंदला गेला, कलम ४२० (फसवणूक) आणि ४०६ (विश्वासघात), तेही पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून १५६(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केल्यावर आणि आणखी भाडेकरू पुढे आल्यावर. पोलीस ढिम्म असतील तर आधी वरिष्ठांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार करा, पोच जपून ठेवा, मग कोर्टात जा. आता भारतीय न्याय संहिता हा नवा कायदा आल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, फसवणुकीचं ३१८ झालंय, खाक्या तोच. वकिलाचे २२,००० झाले. एजंट जामिनावर बाहेर आहे.

काही गोष्टी राहिल्या. वीजबिलावरचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा, मागा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तो फुकट बघता येतो. दोन करार म्हटले की उठून बाहेर या, टेम्पो खाली उभा असला तरी. टेम्पोचं भाडं दोन हजार असतं.

आणि जे आज हेवी डिपॉझिटवर राहताहेत त्यांनी कपाटातला नोंदवलेला करार काढून बघावा. तुम्ही भरत नसलेलं भाडं त्यात लिहिलेलं असेल तर आजच मालकाला फोन करा. नंबर एजंटकडून नव्हे, सोसायटीच्या ऑफिसातून घ्या.