डुकरं ११० किलोच्या पुढे न्यायची, तर आधी वजनाचा पिंजरा घ्या

चोरीससाठी (डुकराच्या मांसाचं मसालेदार गोवन सॉसेज) गोव्यात माल नेणारं आमचं गिऱ्हाईक मोठं, चरबी धरलेलं जनावर मागतं. म्हणून लार्ज व्हाइट यॉर्कशायरची संकरित डुकरं ८० किलोला न विकता ११०-१२० पर्यंत न्यायला घेतली आणि त्यासाठीच डिजिटल काट्याचा लोखंडी पिंजरा आणला. उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढले, आता खात्रीने सांगतो: मोठं वजन करायचं तर खाद्याच्याही आधी हा काटा हवा.

८०-९० किलोनंतर जनावर मांसापेक्षा चरबी जास्त धरतं, आणि चरबीला खाद्य जास्त लागतं. नजरेला मात्र ते झकास दिसत असतं. समजा, एक नग रोज ३ किलो खातो, म्हणजे आठवड्याला २१. खाद्य ३० रुपये किलो, म्हणजे ६३० रुपये. वजन ५ किलो वाढलं, तर वाढीचा किलो १२६ रुपयांना पडला. तेच ३.५ किलो वाढलं, तर १८० ला. जिवंत वजनाला १५० चा भाव असेल, तर दुसरं जनावर रोज खिशातून खातंय. पण एकाच खणात दोघं शेजारी उभी असली की फरक कळतच नाही! खच्ची नर लवकर चरबी धरतात, ते आम्ही आधी काढतो. माद्या पुढे ठेवतो.

उन्हाळ्यात काट्याने डोळे उघडले. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही, त्यामुळे ते खाणंच कमी करतं, आणि मोठ्या जनावराला हा त्रास जास्त. दुपारी पाण्याचे फवारे आणि खाद्य पहाटे व रात्री, असं केल्यावर आकडे सावरले.

वापरायला सोपा आहे. पुढे घमेल्यात मूठभर भरडा ठेवायचा, जनावर आपण होऊन आत येतं, मागचं फाटक पाडायचं. ते हललं की आकडा १०४, १०९, १०६ असा नाचतो; आकडा धरून ठेवणारं होल्डचं बटण असलेलाच काटा घ्या. वजन सकाळी उपाशीपोटी, दर वेळी त्याच वेळेला.

तक्रार एकच, पण मोठी. मूत आणि कोकणातली दमट हवा यांनी लोड सेलच्या (पिंजऱ्याखालचा वजन मोजणारा सेन्सर) वायरीचा जोड गंजला, आणि विक्रेत्याने हात वर केले. घेतानाच जोड सीलबंद आहे का पाहा, धुताना पाण्याचा जोर खालून मारू नका.

काटा बंद असताना टेपने भागवलं: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले कानांच्या मधल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ६९.३ ने गुणायचं. घेर १.१५, लांबी १.२० आली तर ११० किलो. अंदाजाला ठीक, पण आठवड्याची दीड किलोची तफावत टेपवर सापडत नाही. चार-पाच डुकरं असतील तर टेपच पुरे. पिंजऱ्याचा खर्च वीस-पंचवीस नगांच्या पुढेच परवडतो.